वायरीत अडकलेला बास

आमच्या भागात बास गिटारला स्वतःचा अ‍ॅम्प नसतो. संतपूर, औराद, कमलनगर, तिकडं महाराष्ट्राच्या हद्दीत उदगीर-देगलूर, या सगळ्या पट्ट्यात ऑर्केस्ट्रा फिरतो तो माईकसेटवाल्याच्या भरवशावर. गायकाचा माईक, ढोलकीचा माईक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि असलाच तर बास, सगळ्यांच्या वायरी एकाच मिक्सरमध्ये जातात. मिक्सर ठेवतात समोर, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे लोकांना जे ऐकू येतं तेच ऑपरेटरलाही यावं. पद्धत बरोबर आहे. पण तिच्यामुळं स्टेजवरच्या गिटारपासून मिक्सरपर्यंत वीस-पंचवीस मीटर वायर पडते, आणि बासचा अर्धा आवाज त्या वायरीतच राहतो.

माझा धंदा रेडिओ-माईकसेट दुरुस्तीचा. अ‍ॅम्प्लिफायरची पाठ उघडण्यात माझं आयुष्य गेलं. गिटार मला वाजवता येत नाही. म्हणून तो पोरगा बास घेऊन दुकानात आला तेव्हा मी त्याला आधी वाजवायला लावलं आणि मग काय अडचण आहे ते विचारलं.

‘‘काका, घुमायलंय लई, पण मी काय वाजवायलोय ते कुणाला कळंना.’’

त्याच्या मागं दुसरी काळजी होती. ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला मालकाला सांगत होता की डाव्या हातानं बास मीच देतो, वेगळा माणूस कशाला. खरंच कित्येक ऑर्केस्ट्रांमधून बासवाला असाच गेला. कीबोर्डचा बास मिक्सरला स्वच्छ पोचतो, कारण कीबोर्डच्या आत अ‍ॅम्प्लिफायर आधीच असतो. गिटारच्या आत काहीच नसतं. पोराला हैदराबादेत कुणीतरी सांगितलं होतं की गिटार ‘अ‍ॅक्टिव्ह’ करून घे. म्हणजे नक्की काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं, आणि ते समजून घेऊनच हात लावायचा असं मी ठरवलं.

गिटार फेंडरच्या जाझ बासची नक्कल, चार तारांचा, दोन पिकअपचा. पुढची चकचकीत पट्टी काढली तर आत तीन कंट्रोल, टोनला एक कंडेन्सर आणि पी-३८ पिनेचा सॉकेट, एवढाच संसार. पिकअप म्हणजे चुंबकाच्या दांड्यांभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, साधारण ४२ गेजची, जाडी ०.०६ मिलिमीटरच्या आसपास, वेढे हजारोंनी. वरची पोलादी तार हलली की चुंबकक्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये इवलीशी वीज उमटते. मीटर लावला तर साडेसात किलोओहम आले. पण पिकअपचा स्वभाव ओहमांवरून कळत नाही. इतके वेढे म्हणजे इंडक्टन्स आला, अशा पिकअपला तीन-साडेतीन हेन्री असतो, आणि तो वरच्या पट्टीची वाट अडवतो. १००० हर्ट्झला त्याचा अडथळा वीस-बावीस हजार ओहमांपर्यंत जातो.

आता या अडथळ्यापुढं लांब वायर जोडा. शिल्डेड वायरीत मधली तार आणि भोवतीची जाळी मिळून एक कंडेन्सरच तयार होतो, मीटरमागं साधारण १०० पिकोफॅरड. वायर ५ मीटरची असली तर पिकअपचा आवाज सव्वातीन हजार हर्ट्झपर्यंत धड राहतो. २२ मीटरची झाली की पावणेदोन हजारांवरच उतरण लागते. त्याहून वाईट म्हणजे वायरीचं दुसरं टोक. गिटारच्या अ‍ॅम्पचा इनपुट १० लाख ओहमांचा असतो, मिक्सरचा लाइन इनपुट १०-२० हजारांचा. एवढ्या कमी ओहमांचा भार त्या नाजूक कॉइलवर पडला की ८०० ते १२०० हर्ट्झच्या वरचं सगळंच खचत जातं. खालचं तेवढं उरतं. पोराच्या तक्रारीचं कारण एवढंच होतं.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण ती पटली नाही तर सगळी दुरुस्ती उलट्या दिशेनं होते. बास ऐकू यावा म्हणून लोक बास वाढवतात. मिक्सरवरचं खालचं बटण उजवीकडं पूर्ण फिरवतात, स्पीकरचे पडदे धडधडतात, मंडपाचे खांब हलतात, आणि सूर मात्र कळत नाही. चार तारांच्या बासची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ४१.२ हर्ट्झचा स्वर निघतो. आपल्या माईकसेटचे १५ इंची डबे तिथपर्यंत उतरतच नाहीत. तरी तो स्वर आपल्याला ऐकू येतो, कारण त्याच्यासोबत ८२, १२४, १६५ असे वरचे स्वरांश निघतात आणि त्यांच्यावरून कान मूळ स्वर भरून काढतो. बोट तारेवरून सुटतानाचा टचका तर आणखी वर, हजारभर हर्ट्झच्याही पुढं असतो. कुठला स्वर आहे आणि तो केव्हा सुरू झाला, हे कानाला त्या वरच्या भागातूनच कळतं. बास समजायला वरचा आवाज लागतो.

माझी यावर खात्री बसली ती ट्रान्झिस्टरमुळं. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवायचे. ती गाणी आमच्याकडं पहिल्यांदा आली ती रेडिओवरून, चार इंची स्पीकरमधून. त्या स्पीकरला ४१ काय, १०० हर्ट्झही धड देता येत नाहीत. पण बासची चाल शेतात काम करणाऱ्या माणसालाही गुणगुणता यायची. कित्येक रेडिओ मी उघडून पाहिलेत. त्या कागदी पडद्यातून बास येतो कसा, हा प्रश्न मला तरुणपणापासून होता.

गिटार ‘अ‍ॅक्टिव्ह’ करणं म्हणजे बासमध्येच इलेक्ट्रॉनिक्स घालणं. ही कल्पना जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी आमच्याच धंद्यातला एक माणूस आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. लिओ फेंडर गिटार वाजवत नव्हता. त्यानं १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. रेडिओ दुरुस्त करायचा, गावातल्या कार्यक्रमांना लाऊडस्पीकरचे सेट बांधून द्यायचा. वादक दुकानात येऊन आपल्या अडचणी सांगायचे आणि तो ऐकायचा. त्यातून १९५१ मध्ये त्याचा प्रिसिजन बास आला, १९६० मध्ये जाझ बास. दोन्ही साधे, पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी-सर्किट काही नसलेले. पुढं कॅलिफोर्नियातच अलेम्बिक कंपनीच्या रॉन विकरशॅम यांनी ग्रेटफुल डेडसारख्या बँडच्या वाद्यांत छोटा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे प्रीअ‍ॅम्प बसवायला सुरुवात केली. आणि १९७६ मध्ये लिओ फेंडर भागीदार असलेल्या नव्या म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे बाजारात आला, त्यात ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प कारखान्यातूनच बसवलेला होता. पंचवीस वर्षांनी त्याच माणसाच्या कंपनीनं त्याच्या वाद्यात उरलेली गोष्ट भरून काढली.

परदेशी तयार प्रीअ‍ॅम्प मिळतात. त्यांची किंमत त्या पोराच्या गिटारपेक्षा जास्त. मग मी हैदराबादला कोटीच्या गुजराती गल्लीत गेलो. रेडिओ-टीव्हीचे भाग घ्यायला या भागातले मेकॅनिक पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादच गाठतात. आमचा बीदर जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, पुढं राज्य बदललं तरी बाजाराची वाट बदलली नाही.

आयसी कुठला घ्यायचा यावर मी बराच विचार केला. टीएल०७२ सगळीकडं मिळतो, त्याची खरखर कमी, पण तो एका भागाला १.४ मिलिअँप ओढतो. असे चार भाग लागणार होते. टीएल०६२ तेच काम ०.२ मिलिअँपमध्ये करतो, मात्र त्याची खरखर दुपटीहून जास्त. स्टुडिओसाठी मी पहिला घेतला असता. मंडपात, जनरेटरच्या शेजारी, ती खरखर कुणाच्या कानापर्यंत जाणार नाही. बॅटरी मात्र मधेच संपली तर सगळ्या गावासमोर कळेल. टीएल०६२चे चारही भाग मिळून मिलिअँपच्या आत-बाहेर खातात. चांगली अल्कलाइन बॅटरी ५०० मिलिअँप-तासांची धरली तर कित्येक महिन्यांचे कार्यक्रम निघतात.

मांडणी अशी केली. प्रत्येक पिकअपला स्वतंत्र बफर, इनपुटला १ मेगाओहम, म्हणजे कॉइलवर भार जवळजवळ शून्य. पिकअपपासून बफरपर्यंतची वायर वीतभर. त्यापुढं दोन्हींची बेरीज, मग बास-ट्रेबलचे कंट्रोल, मग बाहेर. बाहेर पडताना संकेताचा अडथळा हजार ओहमांच्या आत आलेला असतो, आता वायर २२ मीटरची असो की ५० मीटरची, तिला काही खाता येत नाही. विहिरीवर मोटार बसवली तर पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जातं. शेवटच्या वाफ्यात मोटार लावून उपयोग नसतो. मिक्सरवर आवाज वाढवणं म्हणजे शेवटच्या वाफ्यात मोटार लावणं होतं.

बास-ट्रेबलसाठी मी पीटर बॅक्संडॉल या इंग्रज इंजिनिअरची मांडणी वापरली. १९५२ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात त्यानं ती छापली आणि तेव्हापासून जगभरच्या अ‍ॅम्प्लिफायरांत ती बसलेली आहे. कंट्रोल मधोमध ठेवला की आवाज जसाच्या तसा, एका बाजूला वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो. माझ्या हाताखालून गेलेल्या किती स्टिरिओ सेटांत ती होती त्याला गणती नाही, म्हणून तिच्यावर माझा जीव. फक्त खालची वाढ मी मुद्दाम आवरली. ९ व्होल्टच्या बॅटरीवर टीएल०६२ला वर-खाली मिळून सहा-एक व्होल्टची जागा मिळते. पोरगा तार जोरात ओढणारा. त्यावर खालचा आवाज चौपट केला तर शेंडे कापले जातात आणि बास फाटतो. दोन बॅटऱ्या लावून १८ व्होल्ट करता येतात, पण त्यासाठी लाकूड आणखी कोरावं लागलं असतं.

लाकडाचाच प्रश्न सगळ्यात नाजूक निघाला. जाझ बासची पुढची पोकळी अरुंद, त्यात सर्किट कसंबसं बसलं. बॅटरीला जागा नव्हती. मी पटाशी हातात धरणारा माणूस नाही. गावातल्या सुताराकडं गेलो. त्यांचा हात चौकटी-दारांवर बसलेला, पण त्यांनी गिटार पाठीवर टाकून आधी बोटाच्या पेरानं जागोजाग ठोकलं, मग बाजूनं टेप लावला. जाडी ४४ मिलिमीटर.

‘‘बॅटरी आणलाव का? नुसतं माप नगं, चीज दाखवा.’’

बॅटरी ठेवून त्यांनी भोवती पेन्सिलीनं रेघ ओढली, रेघेच्या बाहेर दोन मिलिमीटर सोडले. रंगाचा टवका उडू नये म्हणून रेघेवर चिकटपट्टी लावून पात्यानं रंग कापून घेतला. मग कडेनं बारीक भोकं, प्रत्येकाच्या आधी ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टीचा फेर, म्हणजे २२ मिलिमीटरच्या खाली उतरायचं नाही. मधला भाग पटाशीनं, हातोडी न वापरता, तळहाताच्या दाबानं सोलत गेले. पोरगा समोर उकिडवा बसलेला, त्याचा श्वास वर-खाली.

‘‘दादा, पुढून निघणार नाही ना पटाशी?’’

‘‘पुढं निम्मं लाकूड हाय आजून. तू चहा सांग.’’

शेवटी पोकळीपासून सर्किटच्या खोबणीपर्यंत एक तिरपं भोक, वायरीसाठी. त्या भोकाचा कोन त्यांनी डोळ्यानं धरला आणि टोक बरोबर खोबणीच्या कोपऱ्यात निघालं.

बॅटरी चालू-बंद करायला वेगळं बटण लावत नाहीत. गिटारच्या सॉकेटच्या जागी स्टिरिओ सॉकेट लावायचा आणि बॅटरीची उणे बाजू मधल्या पत्तीला जोडायची. वादक नेहमीची मोनो पिन खुपसतो तेव्हा पिनेचा लांब दांडा मधली पत्ती आणि अर्थ यांना एकत्र करतो, बॅटरी सुरू. पिन काढली की बंद. म्हणून कार्यक्रम संपल्यावर वायर गिटारला तशीच ठेवून झोपायचं नाही, हे मी त्या पोराला तीन-तीनदा बजावलं. शिवाय एक छोटा स्विच जोडला. तो पाडला की सगळं सर्किट बाजूला पडून पिकअप पूर्वीसारखे थेट सॉकेटला जातात. गाणं चालू असताना बॅटरी मेली तर आवाज बारीक होईल, पण गाणं थांबणार नाही. खेड्यात रात्री अकराला ९ व्होल्टची बॅटरी कोण विकतंय? हा स्विच नसलेला अ‍ॅक्टिव्ह बास मी कुणाला देणार नाही.

प्रीअ‍ॅम्प लावला की घूं जाईल, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. जात नाही, सोबत तीही मोठी होते. घूं घालवायला शिल्डिंग लागतं, आणि बासमध्ये ते जास्तच लागतं. आपली वीज ५० हर्ट्झची. बासच्या जाड तारेचा तिसरा पडदा दाबला की येतो ४९ हर्ट्झ. मेन्सची घूं आणि बासचा स्वर असे अंगाला अंग लावून बसतात, मिक्सरवर घूं कापायला जावं तर स्वरही कापला जातो. म्हणून पोकळ्यांना आतून सगळीकडं तांब्याची चिकटपट्टी लावली, सांध्या-सांध्यांवर सोल्डरचा थेंब दिला आणि सगळं एका जागी अर्थला आणलं. अ‍ॅल्युमिनियमचा स्वयंपाकघरातला कागदही लोक लावतात, त्यावर सोल्डर धरत नाही, मला तो पटत नाही.

अर्थवरून एक जिवाच्या काळजीचं सांगतो. गिटारच्या तारा पुलामार्फत अर्थला जोडलेल्या असतात, त्या तशाच राहिल्या पाहिजेत. पण मंडपात माईकसेटला नीट अर्थिंग नसलं, किंवा स्टेजची वीज एका फेजवरून आणि मिक्सरची दुसरीकडून घेतली असली, तर हातात तारा आणि ओठ माईकला, असा वादक दोन्हींच्या मधे सापडतो. प्रीअ‍ॅम्पच्या बॅटरीचा यात काहीच दोष नाही आणि ती वाचवूही शकत नाही. मी पोराला टेस्टर दिला. आधी माईकची जाळी तपासायची, मग तारांना हात. जनरेटर असला तर जमिनीत सळई ठोकली आहे की नाही हे स्वतः जाऊन बघायचं, आणि ठोकलेली नसली तर गिटार खोळीतून काढायचाच नाही, मालक कितीही रागावो.

पहिला मोठा कार्यक्रम १४ एप्रिलचा, भीमगीतांचा. भीमगीतात ढोलकी बोलते आणि तिच्या धुमाचा घुमारा बासच्याच पट्टीत येतो. पूर्वी दोन्ही एकमेकांत बुडायचे. मी मिक्सरपाशी उभा राहिलो आणि पोराला खूण केली की खालचा आवाज मधल्या खुणेच्याही जरा मागं घे, वरचा पुढं कर. त्याचा विश्वास बसत नव्हता. बासचा बास कमी करायचा हे कुणालाही अवघडच वाटतं. त्यानं केलं. ढोलकीला जागा मिळाली आणि तिच्या मधून बासची चाल पायरीपायरीनं ऐकू यायला लागली. मी मंडपाबाहेर, रस्त्याच्या पलीकडं चहाच्या गाड्यापर्यंत चालत गेलो. तिथंही स्वर न्‌ स्वर वेगळा कळत होता. गाण्यांच्या मधे कीबोर्डवाला त्या पोराकडं वाकून काहीतरी बोलला, आणि पुढच्या गाण्यापासून त्याचा डावा हात वर, सुरांच्या भरीला गेला.

त्यानंतर दुसरा एक बासवाला आला, प्रार्थनामंदिराच्या गायकवृंदात वाजवणारा. त्यालाही अ‍ॅक्टिव्ह करून हवा होता, पैसे घेऊनच आला होता. मी त्याच्या मंदिरात गेलो. बंद सभागृह, त्याचा स्वतःचा लहान बास अ‍ॅम्प शेजारी, वायर पाच-सहा मीटरची. गिटार प्रिसिजनच्या घाटाचा, दोन तुकड्यांचा पिकअप, त्यात घूं मुळातच कापली जाते. तारा मात्र इतक्या जुन्या की त्यांच्यातच वरचा आवाज उरला नव्हता. मी त्याला सांगितलं, तुझ्या गिटारला बॅटरीची गरज नाही. टोनच्या कंट्रोलची खरखर साफ करून दिली, सॉकेटची पत्ती वाकवून घट्ट केली, आणि हैदराबादहून नव्या तारांचा एक संच आणायला सांगितला.